सांडव्यापाशी

सूत महागलं म्हणून कारखाना दोन दिवस बंद.
मालक म्हणाले, गाडी करून देतो, जाऊन या कुठंतरी.
पगाराचं नंतर बघू.
तर आम्ही चौदा बाया, एक टेंपो ट्रॅव्हलर,
अशोक चौकातून सकाळी सातला,
डब्यांत कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि पोशव्वा वंगारी सगळ्यांत पुढं,
चपला काढून, मांडी घालून,
घरच्या ओट्यावर बसावं तशी.

मी टॉवेलांचा हिशोब लिहिते. डझन, रंग, काठ, डाग.
म्हणून सहलीची वहीही माझ्याचकडं :
डिझेल, चहा, गाईड दोनशे.
(गाईडचे तीनशे झाले. सांगते.)

बोरामणी गेलं, तांदूळवाडी गेली.
आम्ही बोलत होतो मागावर बोलतो तशा,
खटक्याच्या वरताण.
ड्रायव्हरनं आरशातून विचारलं,
भांडण झालंय का?

नळदुर्गात गाईड भेटला, मैनुद्दीन नदाफ.
डोक्यावर क्रिकेटची टोपी, हातात वेताची छडी.
छडीनं तो काळ मागं सारायचा :
हा दरवाजा, ही तोफ,
हा उपळी बुरूज, इथून शत्रू दिसायचा.
आम्ही सगळ्यांनी शत्रूच्या दिशेनं बघितलं.
तिकडं उसाचा ट्रॅक्टर चालला होता.

पोशव्वा पायऱ्या तेलुगूत मोजत चढली.
मधेच थांबून दोन दगडांच्या सांध्यावर
नख फिरवलं तिनं, कापडाचा काठ तपासावा तसं.
"तुटलं नाही कुठं," म्हणाली.
कुणाला म्हणाली, काय की.

मग धरणाची भिंत.
"आता बघा, ज्याच्यासाठी लोक येतात ते."
दोन सांडवे. कोरडे ठाक.
एप्रिल महिना. खाली हिरवं, जाड पाणी
आणि त्यात तरंगणारी एक चप्पल.

नदाफ थांबला नाही.
छडी काखेत मारली, दोन्ही हात वर नेले,
"हा नर. ही मादी.
असं पडतं. असं."
हात खाली आले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली,
बोटं सुटी, थरथरती,
बीमवरून सुटलेला पांढरा ताणा जसा,
अजून ज्यात बाणा गेला नाही.
"तुषार इथवर येतात बाई, तुमच्या चष्म्यावर."
अंबूबाईनं खरंच चष्मा पुसला.

भिंतीच्या पोटात पाणी महाल.
वरून अख्खी नदी जाते तेव्हाही
आत थेंब येत नाही, म्हणाला.
आम्ही गार दगडावर बसलो
आणि कशा कोण जाणे, गप्प झालो.
चौदाजणी. गप्प.
मी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं ते.

"येतंय की आवाज," पोशव्वा म्हणाली.
नदाफ हसला. "आता नाही येत अक्का, पाणीच नाही."
तिनं कानावर तळवा ठेवला.
"चाळीस वर्षं झाली, येतंय.
माग बंद केला तरी. रात्रीचं पण.
दवाखान्यात सांगितलं, कान गेला.
खरं पाणी पण असंच असतंय का?"

नदाफनं टोपी काढली. तिच्या शेजारी बसला.
एवढ्या वेळात पहिल्यांदाच
त्याच्याजवळ सन नव्हता, सुलतान नव्हता.
"असंच," म्हणाला. "जरा मोठं."
"मोठं नको," ती म्हणाली.

वहीत मी लिहिलं : गाईड दोनशे.
खाली, वेगळ्या ओळीत : धबधबा, शंभर.
मालक विचारतील. विचारू देत.

सोलापुरात शिरलो तेव्हा दिवे लागलेले.
साखर पेठेत कुणाचा तरी माग चालू होता,
गाडीतल्या सगळ्यांनी मान वळवली,
पोशव्वानं नाही.
ती उतरताना चपला शोधत होती सीटखाली,
वाकलेली, तोंड माझ्या गुडघ्यापाशी,
"ऑगस्टात असतं म्हणाला ना पाणी?"
हो म्हटलं.
"मग ऑगस्टात बंद पडंल का गं कारखाना?
एकच दिवस."